मराठ्यांचे कवायती कंपू

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी सत्ताधीशांनी, मुख्यतः शिंदे व होळकर यांनी आणि काही प्रमाणात पुण्याच्या पेशव्यांनी, यूरोपीय पद्धतीची कवायत शिकवून उभ्या केलेल्या पायदळ व तोफखान्याच्या संयुक्त पथकांस ‘कंपू’ ही संज्ञा आहे. छावणी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून ती मराठीत आली. आज टोळके किंवा गट या अर्थाने हा शब्द काहीशा उपहासाने वापरला जातो. परंतु दोनशे वर्षांपूर्वी दिल्लीपासून पुण्यापर्यंत तो धाक उत्पन्न करणारा शब्द होता. कंपूंचा उत्कर्षकाल साधारणपणे १७८४ ते १८०३ हा होय. याच वर्षांत यूरोपात फ्रेंच राज्यक्रांती होऊन तिच्यातून नेपोलियनचे सैन्य आकारास आले. चकमकीची बंदूक, तिला जोडलेली संगीन, रांगेत उभे राहून एकदम केलेला गोळीबार, घोडदळाविरुद्ध रचलेला पोकळ चौकोन आणि पायदळाबरोबर चालणाऱ्या हलक्या तोफा ही दोन्हीकडच्या सैन्यांची समान लक्षणे होती. त्यांचे अंतरंग मात्र भिन्न होते. हा भेद ध्यानात घेतल्यावाचून १८०२ मध्ये पुण्याच्या वेशीपाशी आणि पुढच्याच वर्षी असईच्या रणांगणावर जे घडले, त्याचा उलगडा होत नाही.

कवायती पायदळाचे सामर्थ्य हिंदुस्थानात प्रथम दक्षिणेत प्रत्ययास आले. १७४६ मध्ये मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी फ्रेंचांच्या एका लहानशा तुकडीने अर्काटच्या नबाबाच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर हैदराबादेत ब्युसीने निजामासाठी अशा पलटणी तयार केल्या. या पलटणींतील पहिले शिपाई दक्षिणेकडील तेलुगू मुलखातले असल्याने कवायती शिपायास उत्तरेतही ‘तेलंगा’ म्हणत. मग तो अयोध्येचा असो वा रोहिलखंडाचा. मराठ्यांकडे त्यास ‘गारदी’ हे नाव होते. ब्युसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी निजामाकडून सदाशिवरावभाऊंकडे आला. उदगीरच्या लढाईत (१७६०) त्याच्या तोफखान्याने मोठी कामगिरी केली. पानिपतावर (१७६१) त्याच्या पलटणींनी अब्दालीच्या उजव्या बगलेवरील रोहिल्यांवर निकराचा हल्ला चढविला आणि त्यात त्या बहुतांशी कापल्या गेल्या. पुढे खुद्द इब्राहिमखान पकडला जाऊन मारला गेला. तोफखान्याच्या आश्रयाने गोल बांधून लढणे आणि मोकळ्या घोडदळाने झुंजणे या दोन पद्धतींचा मेळ त्या दिवशी बसला नाही. बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्याच्या शनिवारवाड्यात पहाऱ्यावरील गारद्यांनीच नारायणराव पेशव्यांचा खून केला. थकलेल्या पगाराचे निमित्त त्या दंग्यामागे होते. मराठीत ‘गारदी’ या शब्दाला मारेकऱ्याचा अर्थ चिकटला, तो प्रामुख्याने या प्रसंगामुळे. विकत घेतलेल्या शस्त्राचा विश्वास किती धरावा, हा प्रश्न पुणे दरबारापुढे त्या वेळीच उभा राहिला होता.

महादजी शिंदे यांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात वडगाव येथे (जानेवारी १७७९) मुंबईकर इंग्रजांची कोंडी करण्यात जुनी मराठी युद्धपद्धती यशस्वी झाली होती. परंतु त्याच सुमारास गॉडर्डची पलटणे बंगालकडून अर्धा हिंदुस्थान ओलांडून सुरतेस पोहोचली आणि १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉपमने ग्वाल्हेरचा दुर्भेद्य किल्ला एका रात्रीत घेतला. या घटना महादजींच्या दृष्टीआड झाल्या नाहीत. शिवाय उत्तरेत त्यांना तटबंदीची शहरे, किल्ले व राजपुतांचे जिद्दी घोडदळ यांच्याशी सामना द्यावयाचा होता. त्यासाठी केवळ गनिमी काव्याचे घोडदळ पुरेसे नव्हते.

१७८४ मध्ये महादजींनी बन्वा द बॉइन (१७५१–१८३०) यास चाकरीस ठेवले. तो सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावचा. फ्रेंच राजाच्या आयरिश रेजिमेंटमध्ये व नंतर रशियाच्या चाकरीत राहून, तुर्कांच्या कैदेतून सुटून तो मद्रासेस आला होता व कंपनीच्या पलटणीतही काही काळ होता. त्याच्याशी झालेला पहिला करार बोलका आहे. दोन पलटणी उभाराव्यात. त्याला स्वतःला दरमहा १,००० रु. व प्रत्येक शिपायामागे ८ रु. मिळावेत, असे ठरले. द बॉइन शिपायास साडेपाच रुपये देई आणि उरलेल्या रकमेतून अधिकाऱ्यांचे पगार भागवी. म्हणजे सैन्याचा सेनापती हाच त्याचा मक्तेदारही होता. करारात त्याची एक अटही होती: इंग्रजांविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाही. महादजींनी ती मान्य केली. इंग्रजांशी तेव्हा तह असल्याने ती निरुपद्रवी वाटली असावी.

लालसोट (१७८७) व आग्रा (१७८८) येथे या दोन पलटणींनी आपली उपयुक्तता सिद्ध केली. मध्यंतरी चाकरी सोडून गेलेल्या द बॉइनला महादजींनी परत बोलावले आणि १७९० मध्ये दहा पलटणींची पहिली ब्रिगेड उभी राहिली. त्याच वर्षी पाटण (२० जून) व मेडता (१० सप्टेंबर) येथील लढायांत राजपुतांचा पराभव झाला. मेडत्यास राठोडांच्या घोडदळाने केलेला बेभान हल्ला पोकळ चौकोनात उभ्या राहिलेल्या पायदळाने परतविला. १७९३ पर्यंत ब्रिगेडींची संख्या तीन झाली. द बॉइननंतर पेराँच्या काळात ती पाचापर्यंत गेली.

एका ब्रिगेडमध्ये सामान्यतः दहा पलटणी असत. त्यांपैकी बहुतेक तेलंग्यांच्या, तर काही नजिबांच्या. तेलंग्यांना लाल अंगरखा, चकमकीची बंदूक व संगीन असे; नजीब तोड्याची बंदूक व ढाल-तलवार बाळगीत. प्रत्येक पलटणीस स्वतःच्या मैदानी तोफा जोडलेल्या असत. बरोबर थोडे कवायती घोडदळ आणि किल्ल्यावर चढाई करण्यासाठी ‘अलिगोल’ नावाचे पठाण-रोहिल्यांचे बेकवायती पथक असे. एका पूर्ण ब्रिगेडीत सहा ते आठ हजार माणसे व चाळीस-पन्नास तोफा धरता येतील. शिपाई बहुतांशी अयोध्या, अंतर्वेदी व रोहिलखंड या भागांतले होते. मराठ्यांचे प्रमाण अल्प होते. घोड्यावरची चाकरी ही प्रतिष्ठेची, पायउतार होऊन दुसऱ्याच्या हुकमावर पाऊल टाकणे हे कमीपणाचे, अशी मराठी शिलेदाराची भावना होती. आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात, आणि तेथे तयार होणारी बंदूक सुमारे दहा रुपयांस पडे. तोफा व बंदुका यांच्या बाबतीत हे सैन्य परावलंबी नव्हते, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

द बॉइनची खरी कर्तबगारी मात्र कवायतीपेक्षा व्यवस्थेत दिसते. पगार वेळेवर मिळावा म्हणून त्याने अंतर्वेदीतील अनेक परगण्यांचा महसूल ‘जायदाद’ म्हणून स्वतःकडे मागून घेतला आणि कोईल (अलीगढ) येथे मुख्य ठाणे केले. कॅप्टनास दरमहा ४०० रु. व लेफ्टनंटास २०० रु. मिळत, दक्षिणेतील मोहिमेवर असता त्यात निम्म्याने वाढ होई. जखमी शिपायास जखमेच्या मानाने पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतचा पगार बक्षीस मिळे व तो बरा होईपर्यंत मूळ पगार चालू राही. कायमच्या पंगू झालेल्यास अर्धा पगार व जमीन मिळे. जेथे सरदारांच्या दारी पगारासाठी धरणे धरून बसणे हा शिपायांचा नित्यक्रम होता, तेथे ही व्यवस्था अपूर्वच म्हणावी लागेल. लोक या कंपूत निष्ठेने का लढले, याचे बरेचसे उत्तर या तपशिलात आहे.

परंतु दोषाचे बीजही याच व्यवस्थेत होते. परगणे सेनापतीच्या हाती, वसूल सेनापतीच्या हाती, नेमणुका सेनापतीच्या हाती आणि निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस. शिपाई मीठ खाई ते द बॉइनच्या हातचे. महादजींसारखा धनी व द बॉइनसारखा चाकर असेपर्यंत हे निभावले. १७९५ अखेर द बॉइन प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाला आणि ही सारी यंत्रणा पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाती जणू वारसाहक्काने गेली. पेराँ कर्तबगार होता. पण दौलतराव शिंदे दक्षिणेत गुंतलेले असल्याने उत्तरेत तो जवळजवळ स्वतंत्र सुभेदारच बनला.

या काळातील यूरोपीय सैन्याशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. १७९३ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाने सार्वत्रिक सैन्यभरती पुकारली व १७९८ मध्ये सक्तीच्या लष्करी चाकरीचा कायदा केला. सामान्य शिपाई अंगच्या गुणांवर मार्शलपदापर्यंत चढू शकला, हे नेपोलियनच्या सैन्याचे मोठे बळ होते. इंग्रजांचे सैन्य या दृष्टीने मागासलेले होते. तेथे अधिकारपदे विकत मिळत आणि खुद्द आर्थर वेलस्लीने आरंभीच्या बढत्या पैसे भरूनच मिळविल्या होत्या. तथापि तो अधिकारी आपल्याच राजाचा व आपल्याच राष्ट्राचा असे. कंपूत हिंदी माणूस सुभेदाराच्या वर सहसा जात नसे. त्यावरचा सर्व अधिकारीवर्ग फ्रेंच, इंग्रज, डच, इटालियन, जर्मन किंवा मिश्र वंशाचा असून प्रत्येकजण वैयक्तिक करारावर चाकरीस होता. वीस वर्षांच्या अवधीत एकही मराठी सरदारपुत्र पलटण चालविण्यास शिकविला गेल्याचे दिसत नाही. विद्या विकत घेतली, पण ती घरात मुरविली नाही.

पुणेकरांना या फौजेचे दर्शन १७९२ च्या जूनमध्ये घडले. बादशाहाकडून मिळालेली वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रे सवाई माधवराव पेशव्यांस अर्पण करण्यासाठी महादजी पुण्यास आले, तेव्हा जॉन हेसिंग हा डच आणि मायकेल फिलोज हा नेपल्सचा, असे दोन सेनानी पलटणींसह त्यांच्याबरोबर होते. महादजी पुण्यात असतानाच १७९३ मध्ये उत्तरेत लाखेरी येथे द बॉइनने होळकरांच्या नव्या कवायती पलटणींचा संपूर्ण नाश केला. महादजींचा वानवडीस १२ फेब्रुवारी १७९४ रोजी मृत्यू झाला. शिंद्यांची छत्री तेथेच आहे. पुढच्या वर्षी खर्ड्याच्या लढाईत (११ मार्च १७९५) एका बाजूस शिंद्यांचा पेराँ व दुसऱ्या बाजूस निजामाचा रेमों, असे दोन फ्रेंच सेनानी परस्परांविरुद्ध उभे होते.

पेशव्यांनीही स्वतःचा लहानसा कंपू ठेवला. बॉइड हा अमेरिकन काही काळ त्याचा प्रमुख होता; मायदेशी परतल्यावर तो अमेरिकेच्या सैन्यात जनरल झाला व १८१२–१५ च्या युद्धात इंग्रजांशी लढला. याच पथकात विल्यम टोन हा आयरिश अधिकारी होता. मराठ्यांच्या लष्करी व मुलकी व्यवस्थेवर त्याने लिहिलेले वर्णन आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. त्याचा भाऊ वुल्फ टोन हा आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी फ्रेंच सैन्यात शिरून १७९८ मध्ये इंग्रजांच्या कैदेत मरण पावला. एक भाऊ क्रांतीच्या निशाणाखाली आणि दुसरा पेशव्यांच्या चाकरीत, यावरून त्या काळच्या यूरोपीय लष्करी माणसाचा वावर किती दूरवर होता, याची कल्पना येते.

सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर (१७९५) कंपू हे पुण्याच्या राजकारणातील निर्णायक हत्यार बनले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणीस भेटीसाठी दौलतरावांच्या छावणीत गेले असता मायकेल फिलोजने त्यांना कैद केले. नानांच्या सुरक्षिततेची हमी त्यानेच दिली होती. त्याहून मोठे संकट पैशाचे होते. पेशवेपद मिळवून दिल्याबद्दल दुसऱ्या बाजीरावाने दौलतरावांस दोन कोटी रुपये देण्याचे कबूल केले होते. ती रक्कम त्याच्यापाशी नव्हती आणि छावणीतील फौजेचे पगार थकले होते. अखेर वसुलीचे काम सर्जेराव घाटगे याच्यावर सोपविण्यात आले. १७९८ मध्ये त्याने पुण्यातील सावकार, गृहस्थ व जुने कारभारी यांचा अमानुष छळ करून पैसा उकळला. इंग्रज कंपनीला सावकार विश्वासाने कर्ज देत होते. मराठी सत्ता आपल्याच राजधानीतील सावकारास तापल्या तोफेवर बसवीत होती. दोन्ही सैन्यांची कवायत एकच असली, तरी त्यांच्या खजिन्यांत असे अंतर होते.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याच्या पूर्वेस हडपसर-वानवडीच्या माळावर यशवंतराव होळकर आणि शिंदे-पेशवे यांच्या फौजांची गाठ पडली. शिंद्यांच्या बाजूस सदाशिवराव बक्षी याच्या हाताखाली कॅप्टन डॉसच्या जुन्या पलटणी होत्या. होळकरांकडे व्हिकर्स, हार्डिंग व आर्मस्ट्राँग यांनी तयार केलेल्या. दोन्ही बाजूंस त्याच प्रांतांतले शिपाई आणि त्याच जातीच्या तोफा होत्या. हुकूम देणारेही बहुधा एकाच भाषेचे होते. पायदळांची लढाई बराच वेळ अनिर्णीत राहिल्यावर यशवंतरावांनी स्वतः घोडदळाचे नेतृत्व करून शत्रूच्या तोफा घेतल्या. डॉस व त्याचे बहुतेक सहकारी पडले. विजयी पक्षाचा हार्डिंगही ठार झाला. बाजीराव पर्वतीच्या बाजूने सिंहगडाकडे निघाला, कोकणमार्गे वसईस पोहोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. त्या तहानुसार आर्थर वेलस्ली १८०३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात आला व मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला. उत्तर हिंदुस्थान जिंकण्यासाठी घडविलेल्या शस्त्राने पुण्याच्या वेशीवर मराठी सत्तेचा असा घात केला.

त्यानंतरच्या युद्धात कंपूंची कसोटी लागली. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांस ती सोडण्यास सांगितले व भरपाई देऊ केली. बरेच जण निघून गेले. अलीगढच्या किल्ल्यावर ४ सप्टेंबर १८०३ रोजी हल्ला झाला, तेव्हा दरवाजाची वाट दाखविणारा ल्यूकन हा काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचाच नोकर होता. पेराँने लवकरच स्वतःस लेकच्या स्वाधीन केले. यशवंतरावांनी तर पुढे फितुरीच्या संशयावरून व्हिकर्ससह आपल्या तीन अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करविला (१८०४).

शिपाई व गोलंदाज मात्र हटले नाहीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई (सध्याचा जालना जिल्हा) येथे वेलस्लीने केळणा नदी ओलांडून डावी बगल गाठली, तेव्हा पोहलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याने संपूर्ण रांग काटकोनात फिरवून नवी आघाडी उभी केली. शत्रू समोर असता अशी हालचाल करणे यूरोपातील उत्तम पायदळासही अवघड होते. शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफांच्या माऱ्याने इंग्रजांकडील १,६०० च्या आसपास माणसे मृत वा जखमी झाली. काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पायदळ पुढे जाताच उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. नेपोलियनचा पाडाव करून ड्यूक झालेला वेलिंग्टन उतारवयातही असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानी. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारी येथे उरलेल्या पलटणी यूरोपीय अधिकाऱ्यांवाचून लढल्या आणि जवळजवळ नामशेष झाल्या; तेथेही इंग्रजांची आठशेंहून अधिक माणसे कामी आली वा जखमी झाली. अधिकारी नसतानाच हे सैन्य सर्वांत चिवटपणे लढले, ही वस्तुस्थिती त्या अधिकाऱ्यांच्या आवश्यकतेविषयी बरेच काही सांगते. ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या यूरोपीय वा अमेरिकन राष्ट्राच्या माणसास चाकरीस न ठेवण्याचे बंधन शिंद्यांवर आले.

मराठ्यांनी गनिमी कावा सोडून परक्यांची पद्धत उचलली म्हणून त्यांचा नाश झाला, हे मत वेलस्लीपासून अनेक इंग्रजांनी मांडले आणि सुरेंद्रनाथ सेन यांच्यासारख्या हिंदी इतिहासकारांनीही ते काही अंशी स्वीकारले. ते पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मराठ्यांचा तोफखाना व पायदळ इंग्रजांच्या तोडीचे होते, इंग्रजांचे यश पैसा, बातमी व फितुरी यांवर अधिक अवलंबून होते, असे साधार दाखविले आहे. असईचा पुरावा या मताकडे झुकतो. उणीव कवायतीत नव्हती. ती शिकविणारा, पगार वाटणारा आणि हुकूम देणारा माणूस राज्याचा नव्हता, येथे ती होती.

पुण्यात याचा शेवटचा प्रत्यय खडकीच्या लढाईत (५ नोव्हेंबर १८१७) आला. १८१३ च्या सुमारास बाजीरावाने आपल्या खर्चाने, पण कॅप्टन फोर्ड व इतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवायती ब्रिगेड उभारली होती. तिचा तळ दापोडीस असे. शिवाय पेशव्यांकडे द पिंतो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची एक पलटण होती. लढाईच्या दिवशी बापू गोखल्यांच्या आज्ञेवरून द पिंतोची पलटण इंग्रजांच्या रांगेवर चालून गेली. फोर्डची ब्रिगेड मात्र पेशव्यांचा पगार घेत असूनही दापोडीहून निघून इंग्रजांस मिळाली. तिच्या तोफेच्या माऱ्यात पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित ठार झाले; ते फोर्डचे स्नेही होते.